अकरा आठवडे अडलेली जखम : नव्या पेशी, थकलेलं मन आणि दाबपट्टीचं गणित

वय 61, स्त्री. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यापासून चार बोटं वर उघडी जखम. लांबी 5.2 सेंटिमीटर, रुंदी 3.8. सुरुवात एका किरकोळ खरचटण्याने झाली, त्याला 11 आठवडे झाले. मधुमेह नाही, तंबाखू नाही, स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतलेल्या नाहीत. घरात स्मृतिभ्रंश झालेला नवरा आहे आणि त्याचं उठवणं, भरवणं, धुणं सगळं हिच्याच अंगावर. रात्री दोन-तीनदा तो उठतो, म्हणून ही त्याच्या पलंगाशेजारी खुर्चीतच झोपते.

(हे प्रकरण एका विशिष्ट रुग्णाचं नाही. अशा जखमांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. संशोधनातले म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध अभ्यासांतले आहेत.)

उपचार चालूच होते. दाबपट्टी सांगितली होती, पण ती रात्री टोचते म्हणून सोडली जायची आणि नंतर दिवसाही बांधायची राहू लागली. तिच्या जागी आली एक ध्वनिफीत. सकाळ-संध्याकाळ 45 मिनिटं खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि जखमेच्या जागी कोट्यवधी नव्या पेशी तयार होताहेत असं चित्र मनात आणायचं. शरीर दर सात वर्षांनी संपूर्ण नवं होतं, असंही त्या फितीत सांगितलेलं. तीन आठवड्यांत दुखणं दहापैकी 7 वरून 4 वर आलं. जखम भरू लागली, असा अर्थ तिने त्यातून काढला. मुलीने फोनमधले दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा कळलं की जखम तेवढीच आहे, उलट वरच्या कडेला किंचित वाढली आहे. पहिल्या भेटीत तिचं एक वाक्य नोंदवलेलं आहे: “माझंच मन एकाग्र होत नाही, म्हणून भरत नसेल.”

जखम नेमकी कशाने अडली, मनाचा त्यात किती हात होता आणि दुखणं कमी होऊनही आकार का बदलला नाही, हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. ते एकत्र कालवले की रुग्ण स्वतःला दोष देतो आणि उपचार करणारा “जरा टेन्शन कमी घ्या” म्हणून मोकळा होतो.

सात वर्षांची गोष्ट

आधी ते सात वर्षांचं निस्तरू. शरीर पेशी बदलतं हे खरंच आहे, आणि तो वेग थक्क करणारा आहे: प्रौढ शरीरात रोज सुमारे 33 हजार कोटी पेशी बदलतात, वजनात मोजल्या तर 80 ग्रॅमच्या आसपास. पण त्यातल्या बहुतेक रक्तातल्या असतात आणि उरलेल्यांत मोठा भाग आतड्याच्या अस्तराचा. आतड्याचं अस्तर 3 ते 5 दिवसांत बदलतं, प्लेटलेट 8 ते 10 दिवस टिकतात, तांबडी पेशी 120 दिवस. बाह्यत्वचेच्या तळच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत सरकत गळून पडायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, उतारवयात त्याहून जास्त. हाडाचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो.

दुसऱ्या टोकाला हृदयाचे स्नायू आहेत. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला आणि तो त्या काळात तयार झालेल्या पेशींच्या डीएनएमध्ये शिक्क्यासारखा बसला. तो मोजून 2009 मध्ये दिसलं की हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मेंदूच्या बाह्यकातले बहुतेक चेतापेशी माणसाच्याच वयाचे असतात. “संपूर्ण शरीर सात वर्षांत नवं” या वाक्याला त्यामुळे कुठल्याच ऊतीत आधार नाही.

आणि या रुग्णाच्या बाबतीत हे वाक्य अधिकच दिशाभूल करणारं होतं, कारण तिच्या जखमेत नव्या पेशींचा तुटवडा नव्हताच.

कडेवरची गर्दी

भिंगातून पाहिलं तर जखमेची कड जाड, गोलसर, पांढुरकी दिसत होती, ताटाच्या काठासारखी उचललेली. मधला तळ फिकट गुलाबी, त्यावर साधारण एक तृतीयांश भागात पिवळा चिकट थर. ताजी, वेगाने भरणारी जखम अशी नसते. तिची कड पातळ, मोत्यासारखी चकचकीत आणि उतरती असते, तळाच्या लाल दाणेदार मांसावर ती कधी संपते ते पटकन कळत नाही.

कड जाड का होते? त्वचेच्या जखमेत क्रम असा असतो. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल पेशी येऊन जंतू आणि मेलेला मालमसाला साफ करतात. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात, उरलेली सफाई करतात आणि बांधकामाचे संदेश सोडतात. चौथ्या दिवसापासून पुढे तीनेक आठवडे नव्या केशवाहिन्या, कोलॅजेन आणि वरून सरकणारी त्वचा. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहून जास्त, डागडुजी: आधी घाईने घातलेलं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन काढून पहिल्या प्रकारचं बसवलं जातं.

यातला नाजूक टप्पा सरकण्याचा. संपूर्ण जाडीची जखम असेल तर केसांची मुळं आणि घामग्रंथीही गेलेल्या असतात, म्हणून मधून त्वचेची बेटं उगवत नाहीत. जे काही यायचं ते कडेवरूनच. त्यासाठी कडेच्या पेशीने शेजारणीचा हात सोडायचा, चपटं व्हायचं आणि ओलसर तळावरून पुढे रांगायचं. जुनाट जखमेत हे रांगणं अडतं. मागे पेशी विभागत राहतात, पुढे कोणी जात नाही, म्हणून कडेला ढीग होतो. तळ धड नसतो, कारण दाह पहिल्याच टप्प्यावर अडकून बसलेला असतो आणि न्यूट्रोफिलांचे प्रथिनं कापणारे विकर (एन्झाइम) नवं जाळं आणि वाढीचे संदेश दोन्ही कुरतडत राहतात. कोलॅजेन विणणाऱ्या पेशी थकून विभागणं सोडतात.

तेव्हा मनात चित्र आणायचंच झालं तर “नव्या पेशी तयार होताहेत” हे चित्र इथे चुकीच्या खात्यावर जमा होत होतं. तयार होत होत्या, पुढे सरकायला रस्ता नव्हता.

रस्ता कशाने अडला

पाय पाहिल्यावर कारण फार लपलेलं नव्हतं. घोट्याभोवती तपकिरी डाग: शिरांमधला दाब वाढल्याने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह कातडीत साचतं. पोटरीच्या खालच्या भागात कातडी कडक, आवळलेली, त्यामुळे पाय उलट्या बाटलीसारखा. संध्याकाळी सूज, सकाळी थोडी कमी. मांडीच्या आतून उतरणाऱ्या मोठ्या वरच्या शिरेत रक्त उलटं वाहत असल्याचं डुप्लेक्स सोनोग्राफीत दिसलं. अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटा प्रवाह दोषी धरतात, इथे तो दोन सेकंदांहून जास्त होता.

झडपा (शिरेतलं रक्त उलटं वाहू न देणारे पडदे) ठीक असलेल्या माणसाच्याही घोट्याच्या शिरेत स्तब्ध उभं असताना 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. उभ्या नळीतल्या पाण्याचा तळाला पडतो तसाच तो रक्ताच्या स्तंभाचा भार. चालायला लागलं की पोटरी पंपासारखी पिळते आणि दाब 30 च्या खाली येतो. झडपा गळक्या असतील तर पिळलेलं रक्त परत खाली येतं आणि दाब उतरतच नाही. त्या दाबाखाली केशवाहिन्या पाझरतात, ऊती सुजतात आणि कडेच्या पेशीला रांगायला जमीन मिळत नाही.

आता खुर्चीत झोपण्याकडे पाहा. रात्रीचे सहा-सात तास आणि ध्यानाचे दीड तास, पाय खाली लोंबते. आडवं झाल्यावर शिरांना जी सुटी मिळते ती या पायाला महिनोन्‌महिने मिळालेली नव्हती. बरं होण्यासाठी म्हणून जे केलं जात होतं, तेच दीड तास जखमेवर दाब ठेवून होतं. हे लक्षात आलं तेव्हा तिलाही हसू आलं, आणि ते बरंच झालं.

दाबपट्टी बांधण्याआधी एक तपासणी चुकवायची नसते: धमन्यांचा पुरवठा. डॉप्लरने घोट्यातला वरचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडातल्या दाबाने भागायचं. दोन्ही दंड मोजून जास्त असेल तो घ्यायचा, घोट्यातल्या दोन धमन्यांपैकीही जास्त असेल तो. इथे 134 भागिले 130, म्हणजे 1.03. 0.8 ते 1.3 मध्ये पूर्ण दाब देता येतो. 0.8 च्या खाली तो धोक्याचा, कारण आधीच कमी येणारं रक्त पट्टी आणखी अडवते, आणि 0.5 च्या खाली तर पट्टीचा विचार सोडून आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे. 1.3 च्या वरचा आकडा चांगला वाटतो पण फसवा असतो. कडक झालेल्या धमन्या दाबल्या जात नाहीत, अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा.

रक्तात हिमोग्लोबिन 10.4, फेरिटिन 9, म्हणजे लोहाचा साठा संपलेला. लोह सुरू केलं. पाळी थांबलेल्या वयात लोह कुठे जातंय हा स्वतंत्र प्रश्न असतो, तो पोट-आतड्याच्या तपासणीसाठी वेगळा पाठवला. वजन 54 किलो आणि दिवसाचं प्रथिन हिशोबाने 40 ग्रॅमच्या आसपास निघालं. भरणाऱ्या जखमेला किलोमागे 1.25 ते 1.5 ग्रॅम लागतं, म्हणजे इथे 68 ते 81. नवऱ्याला भरवून झाल्यावर उरलेलं उभ्या-उभ्या खाणाऱ्या माणसाचं प्रथिन नेहमी असंच निघतं.

घरच्या उपचारांतले घोळ

एक घोळ फार शिकण्यासारखा आहे. जखमेभोवतीची कातडी लाल, खाजरी, बारीक फोड आलेली होती. ते जंतुसंसर्ग समजून दोनदा प्रतिजैविकं दिली गेली, लाली गेली नाही. प्रत्यक्षात लालीची सीमा घरी लावल्या जाणाऱ्या मलमाच्या सीमेशी तंतोतंत जुळत होती. मलमात निओमायसिन होतं. पायाच्या जुन्या जखमा असलेल्यांना निओमायसिन, लॅनोलिन आणि सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी सहज जडते. मलम बंद केलं, सौम्य स्टेरॉइड मलम फक्त भोवतालच्या कातडीला सात दिवस लावलं, लाली ओसरली. खऱ्या संसर्गात वेदना वाढते, उष्णता पसरते, वास आणि पाझर बदलतो, ताप येऊ शकतो. जखमेतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावर जंतू उगवणं याला एकट्याला काही अर्थ नाही. प्रत्येक उघड्या जखमेत ते उगवतात.

दुसरा घोळ रोजच्या सफाईचा. पोव्हिडोन आयोडिन न पातळ करता आणि मधूनमधून हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस येतो म्हणजे घाण निघते असं वाटतं, पण ते दोन्ही जंतूंइतकेच कडेच्या कोवळ्या पेशींनाही भाजतात. पिण्याजोगं स्वच्छ कोमट पाणी पुरतं.

तिसरा: “हवा लागू दे, सुकू दे.” 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने सरकते. खपली धरली की पेशींना तिच्याखालून, ओल शोधत, खोल वळसा घालून जावं लागतं. साठ वर्षं उलटून गेली तरी सुकवण्याचा सल्ला सुकलेला नाही. अर्थात ओलसर म्हणजे पचपचीत नव्हे. पाझराने भोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली तर ती फाटते आणि जखम वाढते. म्हणून कडेबाहेर झिंकची पेस्ट, तळावर शोषून घेणारा फोम.

मनाचा हात कुठवर पोचतो

आता मुख्य मुद्दा. मनाचा जखमेशी संबंध नाही असं म्हणणं चूक आहे, आणि हे मोजून दाखवलेलं आहे. 1995 मध्ये अमेरिकेत कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया घेतल्या आणि प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटरचा तुकडा काढून जखम केली. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 48.7 दिवस लागले, इतरांची 39.3. 1998 मध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तेवढीच जखम एकदा उन्हाळी सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी केली. परीक्षेच्या वेळची भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला.

वाटा दोन आहेत. चिंतेत मेंदूचा हायपोथॅलॅमस पिट्युटरीमार्फत अधिवृक्क ग्रंथीला ढोसतो आणि कॉर्टिसॉल वाढतं. कॉर्टिसॉल सुरुवातीच्या दाहाचे संदेश दाबतं. इंटरल्यूकिन-1 हा त्यातला एक, आणि वरच्या दोन्ही अभ्यासांत तो कमी सापडला. दाह अडकून बसला तर वाईट, पण वेळेवर उठला नाही तरी सफाईवाले उशिरा येतात. दुसरी वाट ॲड्रिनलीन-नॉरॲड्रिनलीनची: कातडीतल्या बारीक वाहिन्या आवळतात, ऑक्सिजन कमी पोचतो. तीव्र वेदनेतही हेच होतं, म्हणून ड्रेसिंगच्या वेळची वेदना ही नुसती सोसायची बाब नाही.

पण याच आकड्यांकडे नीट पाहा. हातावरची जखम 39 च्या जागी 49 दिवसांनी भरली. भरली. ताणाने लागणारा वेळ चौथ्या हिश्शाने वाढवला, काम थांबवलं नाही. आणि ती कातडी निरोगी होती. आमच्या रुग्णाची परिस्थिती त्या 13 स्त्रियांसारखीच होती, म्हणून तिच्या ताणाने काही टक्के उशीर होणं अगदी पटण्याजोगं आहे. अकरा आठवड्यांत एक मिलिमीटरही न सरकणं त्या खात्यात बसत नाही. ते शिरांच्या दाबाचं देणं होतं.

मनाची तिसरी वाट संप्रेरकांतून जात नाही, वागण्यातून जाते, आणि आमच्या मते या प्रकरणात तीच सर्वांत रुंद होती. चिंता म्हणून खुर्चीत झोप. थकवा म्हणून पट्टी न बांधणं. वेळ नाही म्हणून अपुरं जेवण. कॉर्टिसॉल मोजायची गरजच पडली नाही.

मग दुखणं 7 वरून 4 वर आलं ते काय होतं? तेही खरंच होतं. अपेक्षेने आणि शांत होण्याने मेंदू स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतो. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांत 1978 मध्ये दिसलं की खोट्या औषधाने मिळणारा आराम नॅलोक्सोन दिल्यावर मावळतो. नॅलोक्सोन अफूवर्गीय औषधांचा परिणाम अडवतं, म्हणजे आराम शरीरातल्याच तशा रसायनांचा होता. पण वाटणं आणि ऊती हे दोन वेगळे मापदंड आहेत. 2011 मध्ये दम्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग याचा स्वच्छ नमुना आहे. खऱ्या औषधाचा फवारा, खोटा फवारा आणि खोटं ॲक्युपंक्चर, तिन्हींनंतर रुग्णांना जवळजवळ सारखंच बरं वाटलं. फुंकरीची क्षमता मोजली तर खऱ्या औषधाने 20 टक्के वाढली, बाकी दोन्हींनी 7 टक्क्यांच्या आसपास, काहीच न करता वाढली तेवढीच. वेदना घटली म्हणजे जखम भरली, ही तिची समजूत नेमकी इथे फसली. दुखणं रुग्णाला विचारावं, आकार फुटपट्टीला.

उपचार, आणि पट्टीचं गणित

पहिल्या दिवशी लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम जखमेवर 40 मिनिटं झाकून ठेवलं आणि मग पिवळा थर व उचललेली कड खरवडली. “आता खूप दुखेल हं” हे वाक्य टाळलं, कारण ते वेदना वाढवतं. “गार लागेल, मग ओढल्यासारखं वाटेल, हात वर केलात की मी थांबेन” हे पुरतं. ध्यानाची फीत याच वेळी लावली. इथे तिचा उपयोग पुरेपूर होता.

आता दाबपट्टी. घोट्याशी 40 मिलिमीटर दाब हवा आणि गुडघ्याकडे तो कमी होत गेला पाहिजे. पट्टीखालचा दाब काढायचं सूत्र आहे: ताण (किलोग्रॅम-बल) गुणिले थर गुणिले 4620, भागिले परीघ गुणिले पट्टीची रुंदी (दोन्ही सेंटिमीटरमध्ये). तिच्या घोट्याचा परीघ 22, पट्टी 10 रुंद, अर्धी-अर्धी चढवल्याने थर 2. ताण 0.95 धरला तर दाब 40. त्याच ताणाने पोटरीवर, परीघ 36, दाब आपोआप 24. म्हणजे वर जाताना पट्टी मुद्दाम सैल करायची नाही, ताण एकसारखा ठेवायचा, उतार पायाचा आकारच देतो. नवशिके नेमकं उलटं करतात: घोट्याशी दुखेल म्हणून सैल आणि पोटरीवर घट्ट. मग रक्त वर जाण्याऐवजी खाली कोंडतं.

आणि इथेच तिच्या “टोचते” या तक्रारीचं उत्तर सापडलं. सूत्रात परीघ छेदात आहे, म्हणजे नडगीच्या हाडाची धार किंवा टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) अशा बारीक वळणावर दाब कितीतरी पटीने चढतो. आधीची पट्टी कापसाच्या अस्तराशिवाय बांधली जात होती. रुग्ण ऐकत नाही असं नोंदवून ठेवलेल्या प्रकरणात पट्टी खरोखरच टोचत होती. आता आधी कापसाचा थर: नडगीवर, घोट्याच्या दोन्ही खळग्यांत आणि टाचेमागे जास्त, म्हणजे उलट्या बाटलीचा शंकू होतो. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून सुरुवात, घोट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा, टाच झाकलेली आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली शेवट. बोटं निळी-गार पडली, बधिर झाली किंवा घोट्याच्या पुढे नवी कळ आली तर वाट न पाहता पट्टी सोडायची, हे घरात सगळ्यांना सांगितलं. सूज झपाट्याने उतरते आणि पट्टी घसरते, म्हणून पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा बदल, मग एकदा.

तिसऱ्या आठवड्यात दोषी शीर आतून उष्णतेने बंद केली. शिरेचा उपचार लवकर केला तर जखम लवकर भरते हे 2018 मध्ये 450 रुग्णांच्या चाचणीत दिसलं: जखम भरायला लागणारा मध्यक (मधोमधचा) काळ 82 दिवसांवरून 56 वर आला.

मनासाठी केलं ते एवढंच. चिंता-नैराश्याच्या प्रश्नावलीत 21 पैकी चिंता 13, नैराश्य 9. 11 किंवा त्याहून जास्त असेल तर चिंता खरीखुरी धरतात, म्हणून समुपदेशकाकडे पाठवलं. आठवड्यातल्या तीन रात्री मुलगी आणि एक पगारी मदतनीस नवऱ्याजवळ. त्या रात्री ही पलंगावर, आडवी. मग हळूहळू बाकीच्या रात्रीही त्याच्या खोलीत दुसरी खाट. ध्यान चालू, पण आडवं पडून, टाचा छातीहून उंच, दिवसातून तीनदा अर्धा तास. शिवाय तीन दिवस रोज 20 मिनिटं मनात साचलेलं कागदावर लिहायला दिलं. न्यूझीलंडमधल्या 64 ते 97 वर्षांच्या 49 जणांवरच्या प्रयोगात असं लिहिणाऱ्यांपैकी 76 टक्क्यांची छोटी जखम अकराव्या दिवशी भरली होती, रोजच्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपैकी 42 टक्क्यांची. अभ्यास लहान आहे, पण वही-पेनाला दुष्परिणाम नाहीत.

आणि पहिल्याच आठवड्यात तिला फुटपट्टी दाखवून सांगितलं, “काकू, तुमच्या एकाग्रतेचा यात काही दोष नाही. झडप गळते आहे.” ती रडली.

आठवड्यांचा हिशोब

लांबी गुणिले रुंदी धरून सुरुवात 19.8 चौरस सेंटिमीटर. दुसऱ्या आठवड्यात 18.0. फारसा फरक नाही, पण कड सपाट झाली आणि पाझर निम्म्यावर आला. पहिला बदल नेहमी तिथेच दिसतो. चौथ्या आठवड्यात 4.1 गुणिले 3.0, म्हणजे 12.3, घट 38 टक्के. चार आठवड्यांत 40 टक्क्यांच्या आसपास घट झाली तर जखम भरण्याच्या वाटेवर आहे असं मानतात. ती नसती तर बायोप्सी ठरलेली होती, कारण जुन्या, जाड कडेच्या जखमेत क्वचित कर्करोग लपलेला असतो.

सहाव्या आठवड्यात 13.0. वाढली. नवऱ्याला न्यूमोनिया झाला होता आणि ती नऊ दिवस-रात्री रुग्णालयात होती. हा ताणाचा परिणाम आहे असं म्हणायचा मोह झाला. पण त्या नऊ दिवसांत ती झोपली खुर्चीत, उभी राहिली बाकीचा वेळ, आणि पट्टी एकदा बदलायची राहिली. कोणत्या कारणाचा किती वाटा, हे एका पायावरून ठरवता येत नाही. नोंदवहीत तिन्ही गोष्टी लिहिल्या आणि निष्कर्षाची जागा कोरी सोडली.

आठव्या आठवड्यात 7.4, बाराव्यात 1.8, पंधराव्या आठवड्यात वर संपूर्ण पातळ गुलाबी त्वचा. तोवर चिंतेचा आकडा 13 वरून 8 वर आला होता. यात कोण कोणाला ओढत होतं तेही सांगणं अवघड आहे. झोप लागू लागली म्हणून जखम सावरली असेल, किंवा जखमेचा वास आणि ओल गेली म्हणून झोप लागली असेल.

वरून बंद झालेली जखम आतून अजून बांधली जात असते. तीन आठवड्यांच्या नव्या ऊतीत मूळ त्वचेच्या पाव-एक ताकद असते, तीन महिन्यांनी 80 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यापलीकडे ती जात नाही. तिथे केस नाहीत, घामग्रंथी नाहीत, वरच्या आणि खालच्या थराला एकमेकांत अडकवणाऱ्या खाचा सपाट. म्हणून जखम भरल्याच्या दिवशीच दाब देणारे मोजे मापाने घेतले: दोन्ही पायांना, कारण उजव्या घोट्यावरही तपकिरी डाग सुरू झालाय. मोजे सकाळी उठल्या-उठल्या, पाय खाली सोडण्याआधी चढवायचे आणि झोपताना काढायचे. ताण जातो म्हणून दर सहा महिन्यांनी नवा जोड. दिवसातून तीनदा टाचा उचलून खाली टेकवणं, दर वेळी दहा वेळा. कातडीला बिनवासाचं साधं मलम. घोट्याजवळ खाजरा किंवा ओला ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात यायचं, फोटो काढताना शेजारी फुटपट्टी ठेवून.